आत्याचं गवत

आत्याने चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले आणि पासष्टाव्या वर्षी, हृदयविकाराचा एक झटका पचवून, बियांपासून ग्लॅडिओलसची फुलं करायचं मनावर घेतलं. एका गिऱ्हाइकाने तिला कौतुकाने बियांची पुडी दिली होती. कांद्याच्या सालीच्या तुकड्यांसारख्या बिया, फुंकर मारली तर उडून जातील अशा. ती पुडी घेऊन आत्या रोपवाटिकेत गेली, तर तिथला माणूस हसायला लागला.

“बियांपासून? या उन्हात? फुलाला तीन वर्षं लागतात, मावशी. तुमच्या वयात तयार कंद घ्यावेत.”

“माझ्या वयाचं मी बघते. माती कशी हवी ते सांगा.”

मी असते तर त्याच्या डोक्यात कुंडी घातली असती.

गच्चीवर रंगाचे रिकामे डबे जमले. हवा गार झाल्यावर आत्याने निम्मी वाळू घातलेली माती चाळून भरली, बिया पेरल्या आणि पडद्यांच्या उरलेल्या अस्तराचं छत शिवून वर ताणलं. महिन्याभराने उगवलं ते गवत. म्हणजे दिसायला गवतच. बाबा, तिचे थोरले भाऊ, रोज विचारायचे, “म्हैस कधी आणतेस?”

उन्हाळ्यात ते गवतही वाळून जायचं. तेव्हा मातीत वाटाण्याएवढा कंद झोपलेला असतो आणि पुढची थंडी येईपर्यंत त्याला थेंबभरही पाणी द्यायचं नसतं, पावसाळ्यात डबे आडोशाला ओढायचे असतात, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं, कारण आम्ही टिंगल सोडून दुसरं काही केलंच नाही. दोन उन्हाळे कंद तगले. तिसरा सरला की फुलं येणार होती. ती बघायला आत्या असेल का, हा प्रश्न घरात प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेला होता. तिला तो दिसत होता. जिन्यात दोनदा दम खायला थांबायची, पण चढायची.

त्या तिसऱ्या उन्हाळ्यातच ती जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. सहा आठवडे दवाखान्यात काढून घरी आली, तेव्हा बाबा तिची वाटच बघत होते.

“तुझी झाडं पार वाळली होती गं. मी रोज दोन वेळा पाणी घातलं. एक दिवस चुकवला नाही.”

एकाहत्तर वर्षांचा माणूस भर उन्हात बादल्या घेऊन गच्ची चढला होता. आत्याने एक डबा खाली मागवला आणि कागदावर पालथा केला. माती पचपचीत. कंद बोटाने दाबला, तर आत नुसता काळा लगदा. मग दुसरा डबा, मग तिसरा. सगळे तसेच निघाले. शेवटपर्यंत बाबांना तिथे उभं राहवलं नाही. मला त्यांची दया आली, त्यांचा राग आला, आणि स्वतःची तर लाजच वाटली.

संध्याकाळी बाबा म्हणाले, “उद्या तयार कंद आणतो. याच थंडीत फुलं बघशील. डॉक्टर काय म्हणालेत, माहितीये ना?”

“डॉक्टरांना म्हणावं, माझी घाई करू नका. मला माझी फुलं हवीत, त्या रोपवाटिकावाल्याची नकोत.”

थंडी लागताच तिने त्याच गिऱ्हाइकाकडून नवी पुडी मागवली. आता तिला वाकता येत नव्हतं. डबे खाली अंगणात आणले. ती खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती आणि बाबा चवड्यांवर बसून पेरत होते.

“खोल नको रे दादा! विहीर खणतोयस का? माती नुसती भुरभुरव.”

बाबांचा हात मध्येच थांबला. “फुलं येईपर्यंत आपण असू का गं?”

“मी तर असणारच. आणि तुलाही राहावं लागेल. माझी तीन वर्षं बुडवलीस, ती भरून दिल्याशिवाय कुठे जायचं नाही.”

बाबांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं आणि पुढचा डबा ओढला.