भोईर अण्णांचं खोटं आरएम

भोईर अण्णा कुठल्याही कॉम्प्युटरवर बसले की आधी त्याचीच उलटतपासणी घ्यायचे. फाईल पुसायची कमांड म्हणजे आरएम. ती देण्याआधी ते ‘टाइप आरएम’ असं लिहायचे. मग त्या नावाखाली प्रत्यक्षात काय चालणार आहे, ते पडद्यावर यायचं. पहिल्या दिवशी मी हसलो, तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणाले, "नावावर जाऊ नको रं. पाटी एकाची, दुकान भलत्याचं."

मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यात आम्ही दोघं सर्व्हर सांभाळायचो. अण्णा खालापूरजवळच्या गावातले, भाताच्या लावणीला हटकून रजा घेणारे. कॅन्टीनच्या चहात साखर आहे का, हे ते चमच्याने तळ खरवडून बघत. घोट घेऊन बघणं त्यांना मंजूर नव्हतं.

माझ्या कॉम्प्युटरवर मी एक सोय करून घेतली होती. आरएम लिहिलं की प्रत्येक फाईलपाशी "पुसू का?" असं विचारलं जायचं. त्यामुळे मी आळशी झालो. सरसकट सगळ्या फाईली पुसायला सांगायचो आणि नको असलेल्यांनाच हो म्हणायचो. अण्णांनी ते एकदा पाहिलं.

"लाडावून ठेवलंय तुला ह्यानं. दुसऱ्याच्या घरी गेलास की कोन विचारनार हाय?"

मला राग आला. माझा तर त्यांच्यावरच संशय होता. मी खोलीत शिरलो की ते पडद्यावरची सर्व्हरची खिडकी चटकन बंद करायचे. हा माणूस आपल्यामागे काहीतरी करतोय, अशी माझी खात्री झाली होती. साहेबांच्या कानावर घालायचंही मी ठरवलं.

त्याआधीच माझ्या हातून घोळ झाला. सर्व्हरवर प्रयोगशाळेच्या चाचण्यांच्या नोंदी होत्या, त्यातल्या दोन जुन्या फाईली काढायच्या होत्या. सवयीने सगळ्याच पुसायला सांगितल्या, एंटर मारलं आणि प्रश्नाची वाट बघत बसलो. प्रश्न आलाच नाही; माझी सोय माझ्या कॉम्प्युटरपुरतीच होती, सर्व्हरवर नव्हती. फोल्डर रिकामं झालं होतं. दुपारी तपासणीस यायचे होते आणि या नोंदींची दुसरी प्रत आठवडाभर जुनी होती. माझी नोकरी गेल्यातच जमा होती.

अण्णांनी मला बाजूला सारून ‘टाइप आरएम’ लिहिलं. उत्तरात त्यांच्याच फोल्डरचं नाव आलं. मी नोकरीला लागल्यापासून त्यांनी सर्व्हरवर खऱ्याच्या पुढे आपलं खोटं आरएम उभं केलं होतं, म्हणजे आरएम लिहिलं की आधी तेच चालायचं. ते फाईल पुसायचं नाही, गुपचूप एका लपवलेल्या फोल्डरात नेऊन ठेवायचं. सगळ्या नोंदी तिथे शाबूत होत्या.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर त्याच्यावरच रेलून बसला असतास. तुझ्यावर माझा भरवसा नव्हता रं. आताबी नाय."

ते फार लागलं. वाचवणाऱ्याचाही राग येतो, हे त्या दिवशी कळलं. संध्याकाळी घरी निघण्याआधी मी माझी सोय काढून टाकली.

दोन वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. शाल-नारळ झाला, माझ्याशी जेमतेम दोन शब्द बोलले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर मी ‘टाइप आरएम’ लिहिलं, तर खऱ्या आरएमचा पत्ता आला. धाबं दणाणलं. लगेच फोन लावला.

"अण्णा, तुमचं आरएम कुणीतरी काढलंय!"

"मीच काढलं, निघताना," ते म्हणाले. "आता तुला नको त्ये."

फोन ठेवला आणि मला चक्क रडू आलं. अण्णांनी कुणावर भरवसा टाकलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. मग डोळे पुसून पुन्हा एकदा ‘टाइप आरएम’ लिहिलं आणि उत्तर नीट वाचून कामाला लागलो.