पिठात उमटलेला पाय

बुधवारी सकाळी आम्ही दोघं मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. आमचं दोघांचं शेवटचं काम तेच. पुढं जे लिहितोय त्याच्यावर माझा स्वतःचाच विश्वास नाय… मोबाईलवर या पानावरचे भुताखेतांचे अनुभव सून वाचून दाखवायची तेव्हा मी हसायचो. तारापूरच्या एका कंपनीत फिटरच्या हाताखाली जन्म गेला, जे हाताला लागतं तेवढंच खरं. शिक्षण चौथी. चुका पोटात घाला.

सालवडला दोन खोल्या. मी, बायको सुमन, मुलगा, सून. सुमनला एका सिरियलचं याड होतं. मेलेली माणसं उठतात, एक पाय घासत चालतात, जित्यांना चावतात — असली सिरियल. सुमन त्यांना 'लंगडे' म्हणायची. शुक्रवारी नवा सीझन येणार म्हणून जुने भाग परत बघत होती, कोण मेलं, कोण उठलं ध्यानात राहावं म्हणून.

"मेलेली बघून पोट भरतं का गं तुझं?"

"जितं माणूस चार शब्द बोलत नाय. मग मेलेलीच बघायची."

"सालं खाली सांडू नको."

"चावीन हां!"

हे चावणं काय ते सांगावं लागंल. मी रुसलो, जेवलो नाय, की घरात कोण नसताना ही बासष्ट वर्षांची बाई हात पुढं करून, डावा पाय घासत माझ्या अंगावर यायची. मी हसेपर्यंत. आमच्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

वाल झाले, ती चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशी खाली बसली. डॉक्टर येईस्तोवर संपलं.

संध्याकाळी सगळं उरकून आलो. पालघरहून माझी वहिनी आली होती. तिनं रिवाजाप्रमाणं सुमन गेली त्या जागेवर तांदळाचं पीठ पसरलं, बाजूला दिवा लावला, पिठावर मोठी टोपली पालथी घातली, वर वरवंटा ठेवला. सकाळी पिठात पाखराचं पाऊल दिसलं तर पुढचा तो जन्म, मुंगीचं दिसलं तर तो.

"झुरळाचं दिसंल," मी म्हणलं.

गुरुवारी सकाळी वरवंटा होता तिथंच. टोपली उचलली. पिठात एक उजवं पाऊल, पाची बोटांसकट… आणि शेजारी डावा पाय घासत नेल्याचा लांब पट्टा.

सुमनचे दोन्ही पाय धड होते. मरेपर्यंत.

"भाऊजी, हिचा पाय घरातनं निघत नाय," वहिनी रडायला लागली. "बंदोबस्त करा, नायतर सुनेला धरंल." सुनेला पाचवा महिना. मुलगा घाबरला. दुपारी भगत आला, उंबऱ्यात चार खिळे ठोकले. "आता आत येणार नाय," म्हणाला.

मला सांगायचं होतं — ती कुणाला धरायला नाय आली, मला हसवायला आली. पण म्हातारी बायको मढ्याची नक्कल करायची हे सगळ्यांदेखत तोंडातनं निघंना. लाज वाटली. हातोडीचे घाव ऐकत बसलो.

ते पाऊल कसं उमटलं, आजपण कळलेलं नाय. कुणाची चेष्टा म्हणावी, तर चेष्टा करणाऱ्याला तिचं ते पाय घासणं माहीत तर पाहिजे ना?

शुक्रवारी सकाळी पक्कड घेऊन उंबऱ्याशी बसलो. तीन खिळे निघाले. सून पाणी भरायला उठली होती.

"बाबा, काय करताय?"

तिला सगळं सांगितलं. नक्कलसुद्धा. ती तोंडावर ओढणी धरून हसली, मग रडली.

"काढा बाबा," म्हणाली.

चौथ्याचं डोकं तुटलं, टोक वर राहिलं. ते कानस मारून लाकडाबरोबर सपाट केलं, वरून बोट फिरवून बघितलं. पाय घासत येणाऱ्याला लागायला नको.