आमच्या घरची प्रश्नावली

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात दर शनिवारी वाचनगट बसतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि तिथल्या मूळ रहिवासी लेखकांचं, सामाजिक न्यायावरचं लेखन अनुवादातून वाचायचं आणि त्यावर बोलायचं. झेरॉक्स, चहा, कोण कधी बोलणार, सगळं मी ठरवते.

गटात धारणीकडची एक कोरकू आदिवासी मुलगी होती. मूळ रहिवाशांचं पान आलं की सगळे तिच्याकडे वळत. कृष्णवर्णीयांवर बोलायला तिनं हात वर केला, की मी म्हणे, "तुझा विषय पुढच्या वेळी." मला ते नियोजन वाटायचं.

मग मी तिच्या गावाची सहल आखली. गाडी, डबे, शिवाय गावकऱ्यांसाठी प्रश्नावली. प्रश्नावली वाचून ती मुलगी म्हणाली, "मॅडम, मी गट सोडते."

"काहून?"

"हे प्रश्न तुमच्या घरी कोणी विचारले तर चालतील? रविवारी माझा मामा येणार आहे. त्याला तुमच्या घरी विचारू द्या. मग ठरवते."

गटातली सर्वांत तयारीची वाचक जात होती. मी हो म्हटलं आणि रविवारी पोहे भिजवले.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून भाचीसोबत आला. सोफ्यावर बसून त्यानं माझीच प्रश्नावली उघडली. "साहेब, तुमचा पारंपरिक नाच कोणता?"

माझा नवरा अकोल्याचा. "वरातीत नाचतो तो," म्हणाला.

"करून दाखवता?"

तो बिचारा टीपॉय सरकवून नाचला. बँडशिवाय.

"पीक चांगलं यावं म्हून नाचता का?"

"नाही हो. मांडव येईपर्यंत."

मामानं ते गंभीरपणे लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळला. "बाई, फोटो पायजे. पाखडायचं सूप घेऊन दारात उभ्या राहा."

"आमच्याकडे सूप नाही."

"नाही? मंग शेजारून आणा. फोटोत बरं दिसते."

मी खरंच आणलं. दारात उभी राहिले तेव्हा समोरच्या वहिनींनी विचारलं, "काय सुरू हाय वो?" मी सूप आणखी सरळ धरलं. भाची तोंडावर ओढणी धरून हसत होती.

सूप खाली ठेवून मी तिला म्हटलं, "सहल रद्द. शनिवारी येशील का?"

"येईन. पण केसांवर लिहिलेला तो कृष्णवर्णीय बाईचा लेख आहे ना, त्यावर मी बोलणार. पूर्ण वेळ."

"बोल."

मामानं वही मिटली. "साहेब दमले," तो म्हणाला. "त्याईले पोहे द्या आधी."