मोठ्याबाईंचा अनुशेष

"काकू, माय गेली," पुतण्या फोनवर म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "वाकळ पुरी झाली का रे त्यायची?" म्हातारी बरळली, असंच वाटलं असेल त्याला.

मोठ्याबाई माझ्या थोरल्या जाऊ. उंद्रीच्या घरात मी आले ती दहावी पासचा तोरा घेऊन. दिवेलागणीच्या आत सगळी कामं उरकून अशी उभी राहायचे, जणू आता कुणी हार घेऊनच येणार! मोठ्याबाईंचं सगळं अर्धं. सुपात अर्धे निवडलेले मूग, खुंटीला उसवलेली चोळी. एकदा रेडिओवर विदर्भाचा अनुशेष, अनुशेष चाललं होतं. "हे काय असते वं?" त्यांनी विचारलं. मी मान ताठ करून सांगितलं, "करायचं राहून राहून साचलेलं काम." "मंग सरकार आपल्याच घरचं सांगून राह्यलं की!" तेव्हापासून मूगही अनुशेष, चोळीही अनुशेष. शेजारणीसुद्धा निंदण राहिलं की तोच शब्द वापरू लागल्या. मी चिडून विचारायचे, "काऊन ठेवता हो अर्धं?" "सगळं सरलं तं उद्या उठू कायले?"

यंदा दिवाळीनंतर मी चिखलीहून, आता राहते तिथून, उंद्रीला भेटायला गेले, तर सूप रिकामं, खुंटी रिकामी. "मोठ्याबाई, अनुशेष कुठं गेला?" "भरून काढला," त्या हसल्या. मांडीवर तेवढी जुन्या लुगड्यांची वाकळ होती, नातसुनेच्या होणाऱ्या बाळासाठी. "हे तरी राहू द्या," मी म्हटलं. "काऊन? लेकराले थंडीत अनुशेष पांघरवू का?"... मी हसले खरी, पण निघताना वाकळ किती शिवायची राहिली ते बघूनच घेतलं.

तेरवी झाल्यावर नातसुनेनं वाकळ माझ्यासमोर ठेवली. सगळी शिवलेली, फक्त एक कोपरा वीतभर उघडा. सुई दोऱ्यासकट तिथंच टोचलेली. "आजी, एवढं तुम्हीच करा." तिचे दिवस भरत आले होते. मी सुई हातात घेतली... टाका काही पडेना. हा कोपरा मिटला की मोठ्याबाईंचं काय उरणार?

बाळ आलं. बाळंतपणाला मीच थांबले आहे. सुई काढून भिंतीवरच्या कॅलेंडरात टोचली, मोठ्याबाईंची सुई ठेवायची जागा तीच. बाळाला वाकळीवर ठेवण्याआधी तो उघडा कोपरा मी चाचपून बघते. सुई तिथं नाही हे डोळ्यांना दिसत असतं, बोटांना पटत नाही. नातसून विचारते, "आजी, कोपरा शिवता ना?"

"उद्या वं," मी म्हणते.