एक्कावन्न रुपयांची पैज आणि दहा मिलिमीटर

तारीख फेब्रुवारीची अठ्ठावीस, अर्थसंकल्पाचा दिवस. पैजेची रक्कम एक्कावन्न रुपये. हजर तिघे : मी, आमचे व्याही आणि विहीणबाई. ठिकाण कळस गाव, व्याह्यांची ओसरी. संध्याकाळी रेडिओवर सिगारेट महागल्याचे ऐकले आणि व्याह्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच दिल्लीला पत्र धाडले होते. सिगारेटवर कर बसवताना सरकारच्या डोळ्यांपुढे साऱ्या देशात एकच इसम असतो आणि तो कळसला राहतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

व्याही जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. खिशात कायम पोलादी पट्टी. दिसेल ते मोजायचे. आमच्या मुलीच्या लग्नात वरपिता असूनही त्यांनी मांडव मोजला, दीड फूट कमी भरला, आणि मांडववाल्याकडून तेवढे पैसे मला परत मिळवून दिले. न मोजता करायची गोष्ट एकच, सिगारेट ओढणे. दिवसाला आठ, असे ते सांगत. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी मात्र जुन्या भावाने तीनशेचा साठा करत आणि घरात माल आहे म्हणून रोज पंधरा ओढत. मी एकदा आकडे मांडून दाखवले. समजा, साठ पैशांची सिगारेट सत्तरला गेली, तर साठ्यामुळे वाचले तीस रुपये. वीस दिवसांत जास्तीच्या ओढल्या एकशे चाळीस, म्हणजे धूर झाला चौऱ्याऐंशी रुपयांचा.

"पाव्हणं, कणगीतलं धान्य कोण मोजून खातंय का?" ते म्हणाले. मोजणी खात्यातला माणूस!

पण त्या हिवाळ्यात खोकल्याने त्यांना उभ्या उभ्या वाकवले. बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, सिगारेट सुटली नाही तर पुढचा हिवाळा अवघड आहे. विहीणबाईंचा चेहरा उतरला. म्हणून ही पैज, अर्थसंकल्पाच्या आधीच लागलेली. साठा करायचा नाही, आणि भाव वाढला की सिगारेट सोडायची. नाही सोडली तर एक्कावन्न रुपये माझे.

आठवड्यात टपरीवर साठचे सत्तर झाले. व्याही ओढतच राहिले. "धा पैशात काय येतंय आजकाल? पैज तुमी जिंकली. पेन्शन झाली की देतो." विहीणबाईंनी काढ्याचे पातेले पुन्हा चुलीवर ठेवले.

दोन महिन्यांनी मी गेलो, तर स्वारी खुशीत. बाजारात नवे पाकीट आले होते, भाव पुन्हा साठ पैसे. "बघा, कंपनीला तरी माझी कदर हाय!" त्यांनी ती शिलगावली. एरवी चहा आणि सिगारेट बरोबर संपायची. आज कपात अर्धा चहा राहिला आणि बोटाला चटका बसला. त्यांनी दुसरी सिगारेट काढली, पट्टी लावली. एकोणसाठ मिलिमीटर. जुन्या पाकिटात एक उरली होती, ती एकोणसत्तर भरली.

सरकार लांबी बघून कर घेते, म्हणून कंपनीने लांबीच कमी केली, हे मी त्यांना समजावले. शिवाय भागाकार करून दाखवला : मिलिमीटरमागे ही आखूड सिगारेट सत्तरवालीपेक्षाही किंचित महागच पडत होती.

व्याही उभे राहिले. "म्हंजे बांध कोरला म्हणा की! जलमभर लोकांचं बांध सरळ केलं, अन् ह्यांनी माझाच कोरला व्हय?"

पाकीट घेऊन ते तडक टपरीवर गेले, मागोमाग मी. "आबा, सगळेच हीच नेत्यात," टपरीवाला म्हणाला.

"नेऊ द्यात. खोट्या मापाचं मी घेत न्हाय."

पाकीट परत गेले. त्या दिवसापासून त्यांनी सिगारेटला हात लावला नाही.

पेन्शन झाल्यावर ते बारामतीला माझ्या घरी आले, सोबत विहीणबाई. एक्कावन्न रुपये त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"अहो, सुटली ना सिगारेट," मी म्हणालो.

"भाव वाढला तवा कुठं सुटली? माप खोटं निघालं तवा सुटली. पैज तुमचीच."

"इतकी वरसं मी सांगत हुते," विहीणबाई म्हणाल्या, "ते काय मापात कमी पडत हुतं व्हय?"

व्याह्यांनी मान खाली घातली.

पुढचा हिवाळा सरळ गेला. अजूनही चहा झाला की त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर हलकेच आपटत राहतात, शिलगावण्याआधी सिगारेट आपटायचे तशी. त्या एक्कावन्न रुपयांवर खरा हक्क कुणाचा, याचा मला फार विचार करावा लागला नाही. मी ते त्याच दिवशी, त्यांच्यासमोर, विहीणबाईंच्या हातावर ठेवले होते.