आईच्या वाट्याच्या ओळी

माझी पत्रकं तुमच्या हातात कधी ना कधी पडली असतील. नगरच्या बसस्थानकावर, कॉलेजच्या फाटकाशी मीच ती वाटत उभा असतो. त्यांतून मी बऱ्याच जणांचा ढोंगीपणा उघडा पाडलाय. माझा स्वतःचा — तो कुठे छापलेला नाही. कुणाच्या कानावरही घातलेला नाही.

कुठून सुरू करू? गाण्यांपासूनच करतो.

वडील कामगार संघटनेत होते. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसूनच मी अक्षरं शिकलो. जुनी हिंदी गाणी मात्र आईची. वडिलांना ती रडकी वाटायची, म्हणून आई ती हळू आवाजात लावायची. "आता बघ, इथे ती श्वास घेते," म्हणत पोळी लाटायची थांबायची. आणि खरंच — ओळीच्या मधोमध एक बारीकसा श्वास ऐकू यायचा. कुण्या बाईने कधीकाळी माइकसमोर घेतलेला. गाणं असं ऐकायचं असतं, हे मला तिने शिकवलं.

वडील गेले. आई झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाली आणि केडगावातल्या कराओके ग्रुपमध्ये जाऊ लागली. रविवारी दुपारी एका सोसायटीच्या हॉलमध्ये ही निवृत्त माणसं जमायची, स्पीकरवर नुसती वाद्यं लावून जुनी गाणी म्हणायची. तिथे भिंगारहून शेखकाका यायचे. शिंपी माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. युगलगीतं आई त्यांच्याबरोबर म्हणायची.

"बासरी आली की घाई न्हाई करायची, म्याडम," ते सांगायचे. "पाव्हनी हाय ती. आधी तिला बसू द्या."

"आणि तुम्ही माझ्या ओळीत घुसता, त्याचं काय?"

सगळा हॉल हसायचा. आईही. वडील गेल्यावर तिला असं हसताना मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

मग कुणीतरी त्यांच्या एका गाण्याचा व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत आमच्या चळवळीतल्या लोकांपर्यंत आला. बैठकीच्या आधी एका सोबत्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मातोश्री लई फॉर्मात हायेत की. भिंगारला सोयरीक जमली का काय?"

सगळे हसले. आणि मी? मीही हसलो.

स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर मी लिहिलं होतं. धर्माच्या भिंतींवर लिहिलं होतं. पण घरी येऊन तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, तेव्हा मला आई दिसली नाही, गाणंही ऐकू आलं नाही. एक विधवा दिसली. एक मुसलमान दिसला. आणि बघणारे लोक — ते सर्वांत जास्त दिसले.

आईला सरळ थांबवायची हिंमत नव्हती. तिने माझीच वाक्यं मला वाचून दाखवली असती. म्हणून मी भिंगारला शेखकाकांच्या दुकानात गेलो. म्हटलं, आईचा घसा बिघडलाय, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय. फोन करू नका, तिला त्रास होतो. त्यांनी मशीनवरचा पाय काढला. "खडीसाखर तोंडात धराया सांगा," एवढंच म्हणाले.

आणि आईला सांगितलं — शेखकाकांच्या मुला-सुनांना हे आवडत नाही. काकांनाही आता तुझ्याबरोबर गायचं नाहीये. तुला तोंडावर सांगायला ते लाजतात.

पुढच्या रविवारी ती भाजी निवडत बसली. त्याच्या पुढच्याही.

माझं खोटं टिकलंय का, हे बघायला मी एकदा त्या हॉलच्या दारात गेलो होतो. शेखकाका तेच युगलगीत म्हणत होते. आपली ओळ संपली की माइक खाली घ्यायचे. आईच्या ओळींवर नुसती वाद्यं वाजत राहायची. दुसरी जोडीदारीण द्यायला ग्रुप तयार होता, ते नको म्हणाले होते, असं दाराशी उभ्या एकाने सांगितलं. मी दारातूनच मागे फिरलो. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं.

या उन्हाळ्यात शेखकाका गेले. आईला मीच सांगितलं. जायचं का, असंही विचारलं — का विचारलं, कोण जाणे.

"कशाला?" ती म्हणाली. "मी ज्यांना नकोशी झाले होते, त्यांच्या दारात आता जाऊन काय उभी राहू?"

मी तिच्या समोर होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. मी गाडीची किल्ली घेतली आणि एकटाच जाऊन आलो.

परत आलो तेव्हा शेजाऱ्यांकडे एक जुनं गाणं लागलं होतं. आईने उठून खिडकी लावून घेतली. मग मला जेवायला वाढलं.

मी जेवलो.