जेवल्या हाताची सही

बँकेला माल दिसत नाही, असं आमचा मास्तर म्हणाला आणि वर हसला. माझं डोकं तिथंच फिरलं.

फ्रँकफुर्टमधल्या एका हॉटेलात हा कोर्स होता. माझी कंपनी बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. आयात-निर्यातीच्या पैशांचा नवा प्रोजेक्ट हाती आला, तेव्हा साहेब म्हणाला, आधी 'ग्रुंडलागेन', म्हणजे मूलतत्त्वं, शिकून ये. शिकवणारा बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि नखं इतकी स्वच्छ की या माणसाने जन्मात कधी कांदा चिरला नसणार.

"पोत्यात तांदूळ आहे की वाळू, याच्याशी बँकेला कर्तव्य नाही," तो म्हणाला. "बँक कागद बघते. कागद बरोबर असतील तर पैसे मिळतील. कागदात खोट असेल तर मिळणार नाहीत, मग पोत्यात सोनं का असेना."

माझ्या शेजारची बाई कीर्तनाला बसल्यासारखी मान हलवत "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करत होती. मी मात्र पेन मिटून ठेवलं. दुसऱ्या कुठल्या आठवड्यात हे ऐकलं असतं तर कदाचित मीही वहीत उतरवून घेतलं असतं. पण आदल्याच आठवड्यात दाजींचा फोन येऊन गेला होता.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. कोल्हापूरला शिरोलीत त्यांची फौंड्री आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून गाड्यांचे सुटे भाग ओततात. पुण्याच्या कंपन्यांना माल देता देता केस पांढरे झाले आणि तेव्हा कुठं पहिली परदेशी ऑर्डर मिळाली. जर्मनीतल्या इंगोलश्टाटजवळची, गाड्यांचे भाग जोडणारी एक कंपनी. त्या ऑर्डरीच्या जिवावर दाजींनी नवी भट्टी घेतली, माणसं वाढवली. पैशांची हमी जर्मन बँकेची होती. त्या हमीला आपल्याकडे लेटर ऑफ क्रेडिट म्हणतात, जर्मनीत आक्रेडिटिव. कल्पना सरळ आहे. विकणारा तिकडे, घेणारा इकडे, एकमेकांवर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून बँक मध्ये पडते आणि सांगते, यादीतले सगळे कागद आणून द्या, मी पैसे देते. दाजींच्या यादीत इतर कागदांबरोबर एक दाखला होता. माल तपासला, चांगला आहे, असा. आणि त्यावर सही पाहिजे होती ती घेणाऱ्या कंपनीच्याच खरेदीप्रमुखाची.

तो खरेदीप्रमुख त्यासाठी मुद्दाम कोल्हापूरला गेला. दाजींनी फौंड्रीच्या दारात त्याला फेटा बांधला. त्याने दिवसभर एकेक भाग हातात घेऊन मोजला, ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाला, "पर्फेक्ट." दाखला टाइप करून टेबलावर तयार होता. पण जेवायची वेळ झालेली. आता पाहुणा दारात आणि दाजी त्याच्यापुढे कागद सरकवणार? छे! घरी नेलं. अक्काने मटण केलं होतं, तांबडा-पांढरा रस्सा, सगळं साग्रसंगीत. पाहुणा घाम पुसत पुसत तीनदा रस्सा मागून जेवला. हात धुऊन झाल्यावर म्हणाला, सही मी जर्मनीत गेल्यावर करतो, कंपनीचा शिक्का तिथं असतो, कुरिअरने पाठवतो. दाजी म्हणाले, काय घाई नाही.

"अहो दाजी, तेव्हाच का नाही घेतली सही?" मी फोनवर ओरडलेच.

"अगं, जेवून उठल्याल्या मानसाला सही मागायची? त्येचा हात आजून वला हुता. लाज हाय का न्हाई आपल्याला?"

सगळी रड इथंच होती. आपल्या घरात जेवलेला माणूस दगा देईल, हे दाजींच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. त्यांनी कंटेनर भरला, जहाज निघालं, हॅम्बुर्गला लागलं. दाखला काही आला नाही. दाखला नाही म्हणून बँकेने पैसे अडवले, आणि बंदराचं भाडं रोज चढायला लागलं. माल दुसऱ्याला विकावा तर तो त्या कंपनीच्या ड्रॉइंगवर ओतलेला, जगात दुसऱ्या कुणाला भंगाराच्या भावाशिवाय त्याचा उपयोग नाही. हे पैसे आले नाहीत तर नवी भट्टी विझवावी लागणार होती, आणि नुसती नवीच नाही.

कॉफीच्या सुट्टीत मी मास्तरला गाठलं आणि नावं न घेता हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, इतकी वर्षं बँकेत काढलेला माणूस, काहीतरी वाट दाखवेल. त्याचे डोळे चमकले.

"वुंडरश्योन!" तो म्हणाला. "किती सुंदर उदाहरण!"

सुट्टी संपल्यावर पठ्ठ्याने ते फळ्यावरच काढलं. इकडे विकणारा, तिकडे घेणारा, मध्ये बँक, आणि घेणाऱ्याच्या खिशात एक किल्ली. तिजोरीची किल्लीच घेणाऱ्याच्या खिशात आहे, आता तो सही कशाला करेल? बाजारात भाव पडला तर करणारच नाही. अशी अट कधी मान्य करायची नसते. करावीच लागली, तर तो कागद हातात पडेपर्यंत माल जागचा हलवायचा नसतो. सगळ्यांनी लिहून घेतलं. शेजारच्या बाईने खाली रेघसुद्धा मारली. जाताना मास्तर मला म्हणाला, पुढच्या कोर्सला हे उदाहरण वापरलं तर चालेल ना?

तिकडे एका माणसाची भट्टी विझायला आलीय आणि याला उदाहरण सापडलं. मला शिसारी आली. वही पिशवीत कोंबून मी निघाले.

फ्रँकफुर्टजवळ बाड हॉम्बुर्गला घरी पोचले तर लेक गृहपाठ करत होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. आज तू काय शिकलीस, असं तिनेच विचारलं, तेव्हा मी तिला सगळं सोपं करून सांगितलं. मावशीकडे आलेला पाहुणा, मावशीचं जेवण, न झालेली सही.

"आल्झो, म्हणजे तो माणूस चोर आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"नाही गं. कायद्याने त्याचं काही चुकलेलं नाही."

तिने नाक मुरडलं आणि "ईकलिश!" म्हणाली. किळसवाणं. इतक्या दिवसांत शहाण्यासारखं बोललेलं हे पहिलंच माणूस.

मी रजा टाकली, त्या खरेदीप्रमुखाची वेळ घेतली आणि रेल्वेने इंगोलश्टाट गाठलं. पुढे फाटकापर्यंत टॅक्सी. कंपनीसमोर नुसता गाड्यांचा समुद्र, पायी चालणारी मी एकटी. खरेदीप्रमुख स्वतः खाली घ्यायला आला. उंच, हसरा, तोंडावर नुकत्याच स्कीइंगवरून परतलेल्या माणसाचा तांबूसपणा. दुष्ट माणूस दुष्टासारखा दिसला असता तर निदान सोपं गेलं असतं. त्याच्या खोलीत फाइलींच्या कपाटावर दाजींनी बांधलेला फेटा काचेच्या पेटीत ठेवलेला होता, खाली छोटा दिवा वगैरे. मला तो उचलून खिडकीबाहेर भिरकवावासा वाटला.

"तुमची बहीण काय स्वयंपाक करते!" तो म्हणाला. "ते लाल सूप! मी घरी अजून सांगत असतो."

त्याने कॉफी दिली, बिस्किटांची बशी पुढे केली. मी कशालाही हात लावला नाही. या माणसाच्या हातचं पाणीही नको, असं आतून वाटत होतं.

"आल्झो," मग तो म्हणाला. बिडाचा भाव उतरलाय. दुसरा एक पुरवठादार स्वस्तात द्यायला तयार आहे. तरी तो आमच्या दाजींना सोडणार नव्हता, कारण दाजी त्याला आवडतात. पंधरा टक्के कमी करा, मी आजच सही करतो.

"तुम्ही कोल्हापुरात माल पर्फेक्ट आहे म्हणालात."

"नाट्यूरलिश! अर्थातच. माल पर्फेक्टच आहे. प्रश्न मालाचा नाहीच आहे."

अगदी त्या मास्तरसारखं, तसंच हसून. एकाच शाळेतले दोघे! याने काही लपवलंसुद्धा नाही. खोटं बोलला असता तर निदान त्याला शरम आहे असं तरी म्हणता आलं असतं.

"मुडदा बशिवला तुझा," मी त्याच्या तोंडाकडे बघत शुद्ध कोल्हापुरीत म्हटलं.

"म्हणजे काय?" त्याने उत्साहाने विचारलं.

"आमच्याकडे निरोप घेताना म्हणतात."

त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. मी जिना उतरून रस्त्यावर आले आणि दाजींना फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, भडकतील, त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरतील.

"पंधरा टक्के दिलं म्हनावं," दाजी म्हणाले. "भट्टी चालू ऱ्हायला पायजे."

मी खरेदीप्रमुखाला तसं कळवलं, आणि स्टेशनवर पोचायच्या आत सही झाली. बँकेने पैसे सोडले. त्यातूनही कागद वेळेत पुरे नव्हते म्हणून आपला दंड कापून घेतला, तो वेगळाच. आणि माझ्या कंपनीत मला त्या कोर्सचं सर्टिफिकेट मिळालं, साहेबाने सगळ्यांसमोर हात मिळवला!

पुढच्या वर्षी त्याच कंपनीची दुसरी ऑर्डर आली. अट तीच. मी म्हटलं, दाजी, सोडा हो नाद या लोकांचा. पण नव्या भट्टीचे हप्ते कुणी भरायचे?

"मेव्हनीबाई," दाजी म्हणाले, "येवढं जर्मनीत शिकलाईसा, तर आता आमास्नी बी शिकवा की."

मी शिकवलं. रविवारी दुपारी व्हिडिओवर बसवून एकेक कागद समजावला. मास्तरचीच वाक्यं माझ्या तोंडून येत होती, ते मलाच कसंतरी वाटत होतं. कागद हातात आल्याशिवाय माल गेटबाहेर काढायचा नाही. सहीसाठी पाहुणा जाईपर्यंत थांबायचं नाही, शिक्का त्याला येतानाच आणायला सांगायचा. दाजी हुशार माणूस, एका महिन्यात मलाच आडवे प्रश्न विचारायला लागले.

खरेदीप्रमुख पुन्हा कोल्हापूरला गेला. माल तपासला, पर्फेक्ट म्हणाला. या खेपेला माल वेळेत सुटला, कागद बिनचूक निघाले, बँकेने चकार शब्द न काढता पैसे दिले. मी खूश होऊन अक्काला फोन केला. अक्काचा आवाज बसलेला होता.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. पाव्हण्याला जेवाय बसवलं. ताट वाढलं. मी रश्श्याचं पातेलं घिऊन हुभी. त्यो बाह्या सारून हात घालणार, तर ह्येनी ताटाशेजारी कागद ठिवला, पेन ठिवलं. म्हनलं, आदी सही."

"मग?"

"मग काय? त्यो हसला. लगीच केली सही. ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हनला, आता तुमाला धंदा कळला. ह्ये बी हसलं. मला म्हनलं, वाढ."

"बरोबरच केलं ना अक्का दाजींनी. असंच करायचं असतं."

"आसंल बाई. तू शिकल्याली. पर आपल्या दारात आजपातूर कुनाला ताटावर काय मागितलं नव्हतं गं." नाक ओढल्याचा आवाज आला. "त्यो तीनदा रस्सा मागून जेवला. ह्येनी एक घास मोडला आन ताट तसंच सारलं. म्हनलं, भूक न्हाई."